मुलांसोबत प्रवास: बॅग का फुगते, हवं ते का सापडत नाही आणि त्यावर काय करायचं

तक्रार घरोघरी एकच. आदल्या रात्री अकरा वाजता बॅगेवर गुडघा देऊन चेन ओढली जाते, आणि गाडीत बसल्यावर धाकट्याने अंगावर दूध सांडलं की बदलायचा शर्ट नेमका सगळ्यात खालच्या बॅगेत निघतो. पुढच्या वेळी मोठी बॅग आणली तरी हे थांबत नाही. मोठ्या बॅगेत जास्त सामान हरवतं, एवढाच फरक.

दोष बॅगेच्या मापात नाही, भरण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे बॅगा माणसागणिक भरतात: एक बाबांची, एक आईची, एक पोरांची. उघडायची वेळ मात्र माणसागणिक येत नाही. रात्री बर्थवर सगळ्यांचंच थोडंथोडं लागतं आणि तीन बॅगा उपसाव्या लागतात. म्हणून बॅग कोणाची, याआधी ती कधी उघडणार हे ठरवायचं. खालचे बरेचसे उपाय याच एका गोष्टीतून निघतात. हिशेबासाठी जळगाव-भुसावळकडचं चौघांचं कुटुंब धरलंय: आई-बाबा, आठ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा, पाच दिवसांची सहल.

हवी ती वस्तू तळाशीच का असते?

कारण कपडे घडी करून एकावर एक रचले जातात आणि खालचं काढायला वरचं सगळं उचलावं लागतं. यावर मुलांच्या कपड्यांची दिवसागणिक पुडकी करणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. टी-शर्ट पालथा पसरायचा, त्यावर हाफ पँट किंवा लेगिंग, वर बनियन, चड्डी आणि मोजे. बाह्या आत घेऊन गळ्याकडून घट्ट गुंडाळत यायचं आणि वर रबर लावायचं. तीन वर्षांच्या मुलाचं असं पुडकं पाव किलोच्या आसपास भरतं आणि मुठीत मावतं. मग बाबांना "निळी चड्डी कुठंय?" हे विचारावंच लागत नाही. एक पुडकं म्हणजे एक दिवस.

पुडकी आडवी रचू नका, पुस्तकांसारखी उभी लावा; वरून सगळी एका नजरेत दिसतात आणि मधलं एक काढलं तरी बाकीची ढासळत नाहीत. पॅकिंग क्यूब नावाच्या जाळीच्या पिशव्या बाजारात मिळतात, त्या चांगल्याच. पण उशीचे जुने अभ्रेही तेच काम करतात आणि परतीला मळके कपडे भरायलाही उपयोगी पडतात.

बॅगा तीन प्रकारच्या. वाटेतली बॅग कायम हाताशी: एकेका मुलाचं एक पुडकं (तीन वर्षांच्याची दोन), शाल, कानटोपी, ब्रश, कागदी साबण, औषधांचा डबा, ओला रुमाल, दोन-तीन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, मोबाइलचा चार्जर. ही पाठीवरची सॅकच हवी. मुक्कामाची बॅग खोलीत पोचल्यावर उघडायची. तिसरी राखीव: जास्तीचे कपडे, स्वेटर, परतीसाठी रिकामी पिशवी. ही बॅग अडचण आल्याशिवाय उघडायची नाही. लहान कुटुंबाला मुक्कामाची आणि राखीव मिळून एकच ट्रॉली पुरते. राखीव सामान तिच्या झाकणाकडच्या कप्प्यात.

दर रात्री वेगळं गाव असेल तर ही पद्धत खरी उपयोगी पडते. शिर्डी, नाशिक, वणी अशी तीन मुक्कामांची फेरी खानदेशातून नेहमीची. त्यात तीन छोट्या पिशव्या करा, प्रत्येकीत एका रात्रीचे चौघांचे कपडे. शिर्डीला शिर्डीची पिशवी तेवढी खोलीवर न्यायची, बाकीचं सामान गाडीतच राहू द्यायचं. वणीला सप्तशृंगगडावर चढताना तर पोराच्या हाताखेरीज हातात काहीच नको.

चेन लागते, पण परतीला नाही

कपडे मळल्यावर वाढत नाहीत, तरी बॅग परतीला फुगतेच. कारणं तीन. जाताना गुंडाळलेले कपडे येताना बोळा करून कोंबले जातात. ओले कपडे जास्त जागा घेतात आणि जडही होतात. आणि खरेदी: कोकणातून आमसुलं, आंबापोळी, काजू, देवाच्या गावाहून प्रसादाचे पुडे.

निघताना बॅगेचा चौथा हिस्सा मोकळा ठेवा. मोकळा म्हणजे मोकळा. "जागा आहे तर हा पण ड्रेस टाक" तिथूनच बिघाडाला सुरुवात होते. चेन दोन बोटांनी लागली पाहिजे. गुडघा लागला तर काहीतरी काढायचं, आणि काढायला सुरुवात मोठ्यांच्या कपड्यांपासून करायची. जास्त जागा पोरांचे कपडे खात नाहीत. बाबांच्या दोन जीन्स आणि आईच्या "लागली तर" म्हणून घेतलेल्या दोन साड्या खातात.

मळके कपडेही गुंडाळूनच अभ्र्यात भरा. समुद्रात भिजलेले कपडे आधी गोड्या पाण्यातून काढा, कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळा आणि त्या गुंडाळीवर उभं राहून पाय दाबा. पिळण्याने निघत नाही तेवढं पाणी टॉवेल ओढून घेतो. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ओले कपडे चार-पाच तासांपेक्षा जास्त ठेवू नका. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला जो कुबट वास लागतो, तो एका धुण्यात जात नाही.

कपडे नेमके किती?

पाच दिवसांसाठी तीन वर्षांच्या मुलाचे सात जोड, आठ वर्षांच्या मुलीचे सहा. मोठ्यांना चार वरचे कपडे आणि दोन खालचे पुरतात, एक जोड अंगावर असतोच. आतले कपडे सगळ्यांचे दिवसागणिक, वर दोन. बूट एकच जोडी, तीही पायात; बॅगेत फक्त चपला. सहा दिवसांपेक्षा मोठ्या सहलीला कपडे वाढवू नका, तिसऱ्या रात्री धुवा.

इथे खानदेशकरांचा एक अंदाज हमखास चुकतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि हवा कोरडी. गच्चीवर टाकलेला टॉवेल तासाभरात कडक वाळतो. त्याच हिशेबाने "रात्री धुऊ, सकाळी घालू" म्हणून कोकणात कमी कपडे नेले की फसगत होते. दमट हवेत जीन्स आणि जाड टॉवेल दोन दिवसांतही नीट वाळत नाहीत. कोकणाला किंवा पावसाळ्यात घाटावर जाताना मुलांचे दोन जोड वाढवा, जाड टॉवेलऐवजी पातळ पंचे घ्या, जीन्स घरीच ठेवा, आणि तीन मीटर नायलॉनची दोरी व आठ चिमटे सोबत न्या. वजन पाव किलोही होत नाही. उलट दिवाळीच्या सुट्टीत तोरणमाळला जायचं तर दिवसाच्या उन्हाला भुलू नका. पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे, अंधार पडला की गारठा सुरू. पोरांना एक जाड स्वेटर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या. काढता-घालता येतात आणि गुंडाळलेही जातात.

डायपर लागणारं बाळ असेल तर प्रवासाच्या दिवसाला सात आणि पुढे दिवसाला पाच धरा, पण न्यायचे पहिल्या दोन दिवसांपुरतेच. तालुक्याच्या कुठल्याही गावात ते मिळतात. पाकिटातून काढून बॅगेच्या कडेने उभे सरकवा. पाकीट तसंच नेलं तर त्याचा ठोकळा बॅगेत जागा अडवतो.

सामान मावतं, पण हात पुरत नाहीत

रेल्वेत अडचण वजनाची नसते. स्लीपर आणि थ्री-टियर एसीत दर प्रवाशाला ४० किलो मोफत आहे, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं. चौघांचं सामान एवढं होतच नाही. अडचण मापाची आणि हातांची.

मापाबद्दल: डब्यात नेता येणाऱ्या पेटीची साधारण मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे, पण थ्री-टियर एसी आणि चेअर कारसाठी ती ५५ × ४५ × २२.५ इतकी कमी आहे. लग्नात आलेली ती भलीमोठी कडक सूटकेस त्यात बसत नाही आणि बर्थखालीही शेजाऱ्यांच्या सामानाशी भांडते. दोन मध्यम, मऊ बॅगा तिच्यापेक्षा कधीही बऱ्या.

हातांचा हिशेब असा. दोन मोठी माणसं, म्हणजे चार हात. एक हात धाकट्यासाठी राखून ठेवायचाच, प्लॅटफॉर्मवर त्यात तडजोड नाही. उरले तीन: दोन ट्रॉल्या आणि एक खाण्याची पिशवी. दोघांच्या पाठीवर एकेक सॅक. मोठ्यांकडे एकूण पाच नग, सहावा नको. भुसावळला गाडी बराच वेळ थांबते, पण जळगाव, पाचोरा, चाळीसगावला बऱ्याच गाड्या दोन-तीन मिनिटांच्या वर थांबत नाहीत. तेवढ्यात दोन मुलं आणि आठ पिशव्या उतरत नाहीत; काहीतरी डब्यात राहतं, बहुतेक पाण्याची बाटली किंवा पोराचे बूट. स्टेशन यायच्या वीस मिनिटं आधी नग मोजून दाराकडे आणा. आधी एक मोठं माणूस रिकाम्या हाताने उतरेल, मग मुलं, मग सामान, शेवटी दुसरं मोठं माणूस.

नग वाढतात ते निघायच्या वेळी. आजी मुरमुऱ्याची थैली देते, मामी पापडाचा डबा आणते. नाही म्हणता येत नाही, ते ठीक. म्हणून खाण्याच्या पिशवीत तेवढी जागा आधीच सोडा.

तिकिटाची एक मेख लक्षात घ्या. ५ ते १२ वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट काढलं तर त्याला बर्थ मिळत नाही. बर्थ हवा तर पूर्ण भाडं. हा नियम २०१६ पासून आहे. अर्धं तिकीट काढलं असेल तर रात्री एका बर्थवर दोघं झोपणार. मग उशाशी सॅक ठेवायला जागा उरत नाही, वाटेतली बॅग आणखी लहान करावी लागते.

मुलांची स्वतःची सॅक हवी का? आठ वर्षांच्या मुलीला द्या, पण सॅकचं वजन तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. पंचवीस किलोच्या मुलीला अडीच किलो, त्यात पाण्याची अर्ध्या लिटरची बाटलीच अर्धा किलो. रंगीत खडू, एक वही, एक पुस्तक, टोपी, खाऊचा छोटा डबा. सुटे तुकडे असलेला खेळ नको. चौथा तुकडा बर्थखाली गेला की रात्रभर भोकाड. तीन वर्षांच्याला सॅक देऊच नका. दहा मिनिटांनी ती बाबांच्या गळ्यात येते आणि पाचाचा हिशेब मोडतो. त्याची लाडकी गोधडी मात्र कितीही मळकी असली तरी वाटेतल्या बॅगेत सगळ्यात आधी.

तेल, लोणचं आणि डब्यांची गळती

कपड्यांवर तेलाचे डाग पडतात, कारण तेलाची बाटली गच्च भरलेली असते. उन्हात उभ्या गाडीत आतलं तेल आणि हवा दोन्ही पसरतात आणि झाकणाच्या आट्यांतून तेल बाहेर येतं. बाटली पाऊणच भरा, झाकण काढून तोंडावर प्लास्टिकचा छोटा तुकडा ठेवा आणि त्यावरून झाकण फिरवा. मग ती झिपवाल्या पिशवीत, उभी, खाण्याच्या किंवा वाटेतल्या बॅगेत. कपड्यांच्या बॅगेत काहीही पातळ जाऊ द्यायचं नाही, शाम्पूसुद्धा नाही. त्याच्या पुड्या न्या. डाग पडलाच तर पाणी लावू नका. आधी बेसन किंवा टाल्कम पावडर दाबून वीस मिनिटं ठेवा, झटका, मग भांड्यांचा साबण चोळून धुवा.

खाण्यात दशम्यांना तोड नाही. कणीक दुधात मळलेली, पाण्याचा हात न लागलेली हवी. चौघांना एका वेळेला दहा पुरतात: मोठ्यांना सात, मुलीला दोन, धाकट्याला एक. दोन वेळांच्या वीस. दशम्या आंबतात त्या बहुतेक वेळा गरम डब्यात भरल्याने. वाफेचं पाणी झाकणाला जमतं आणि खाली टपकतं. फडक्यावर सुट्या पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच कोरड्या फडक्यात बांधा. मे महिन्यात दुसऱ्या दिवशी दुपारनंतर त्या मुलांना देऊ नका. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे. बटाट्याची सुकी भाजी पहिल्याच जेवणाला संपवायची. भरीत आणि शेवभाजीचा मोह घरीच सोडा, दोन्हींना तेल सुटतं.

केळी आपल्या घरचीच, पण पिकलेली घड्याने नेऊ नका. चार-सहा, देठाकडे अजून हिरवी असलेली, पिशवीत सगळ्यात वर. वेफर्सची फुगलेली पाकिटं म्हणजे विकतची हवा. वेफर्स डब्यात ओता, तीन पाकिटं एका डब्यात मावतात आणि चुराही होत नाही.

स्टोव्ह, गॅसची छोटी टाकी रेल्वेत चालत नाही. दूध गरम करायला म्हणून कोणी नेत असेल तर थर्मासात गरम पाणी आणि दुधाची पावडर न्या.

औषधं आहेत, पण वेळेवर उपयोगी नाहीत

दोन चुका वारंवार होतात. तापाच्या पॅरासिटामॉल सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात: ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, आणि ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. घरची बाटली संपली म्हणून वाटेत दुसरी घेतली आणि जुन्याच मापाने दिली तर डोस दुप्पट किंवा निम्मा होतो. निघण्याआधी मुलाचं वजन करून डॉक्टरांकडून डोस लिहून घ्या, बाटलीवरच चिकटवा, आणि मापाचं टोपण किंवा सिरिंज बाटलीलाच रबराने बांधा. दुसरी चूक ओआरएसची. मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. अंदाजाने अर्धं पाकीट ग्लासात टाकू नका. प्रवासात २०० मिलीची छोटी पाकिटं सोयीची. तयार केलेलं पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्या. औषधांचा डबा गाडीच्या डिकीत कधीच नको, उन्हाळ्यात तर नाहीच.

स्वतःच्या गाडीने जाताना

सात जणांची अर्टिगा खानदेशात दर गल्लीत दिसते. तिसरी रांग उभी असताना तिच्यामागे २०९ लिटर जागा उरते, रांग पाडली तर ५५०. २०९ वाचायला बरं दिसतं, पण ती जागा उंच आणि अरुंद आहे. दोन छोट्या उभ्या ट्रॉल्या आणि वर मऊ पिशव्या, यातच संपते. सीएनजी असेल तर टाकी तिथेच असते, म्हणजे उरलंसुरलंही गेलं. सात जण जाणार तर प्रत्येकी एक मऊ सॅक हाच नियम. नाहीतर कॅरियर, आणि त्यावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत बघून.

मागच्या सीटच्या पाठीपेक्षा उंच सामान रचू नका. जोराचा ब्रेक लागला की वरची पिशवी थेट पोरांच्या डोक्यावर येते. छोट्या गाड्यांत स्टेपनी डिकीच्या तळाखाली असते. धुळ्याच्या पुढे महामार्गावर पंक्चर झालं तर सगळं सामान रस्त्यावर काढावं लागतं. म्हणून तळाला दोनच मोठे नग ठेवा, वर सुट्या वस्तूंची रास नको, आणि एक ताडपत्री सगळ्यात वर.

शहाद्याहून तोरणमाळचा घाट वळणावळणाचा आहे, मुलं उलटी करतात. उपाय ठाऊक असतात, पण पिशव्या आणि जादा कपडे डिकीत असतात. सीटच्या पाठीच्या खिशात चार जाड पिशव्या, जुना पेपर, ओला रुमाल, आवळा सुपारी आणि धाकट्याचं एक पुडकं ठेवा. घाट लागायच्या दीड तास आधी हलकं खाणं, दूध नाही.

भरलेली बॅग पोरंच उपसतात

चार दिवस आधी यादी आणि दिवाणावर ढीग, दोन दिवस आधी बॅग बंद, शेवटच्या दिवशी फक्त ब्रश, चार्जर आणि खाणं. बंद बॅग माळ्यावर किंवा कपाटावर, पोरांच्या नजरेआड. मोठ्या मुलीला तिची यादी तिच्याच हाताने खुणा करायला द्या; स्वतः ठेवलेलं ती पुन्हा काढत नाही.

चेन दगा देते तेव्हा

घासत असेल तर दात्यांवर मेणबत्ती दोन्ही बाजूंनी चोळा. रनर पुढे गेला आणि मागे चेन उघडीच राहिली, तर दात्यांचा दोष क्वचित असतो. ओढाताणीने रनरचा जबडा सैल होतो. रनर चेनच्या सुरुवातीला आणा, पक्कडीने आधी एक कड हलकी दाबा, मग दुसरी तेवढीच, आणि चालवून बघा. एकदम जोर लावला तर रनर तडकतो. दाता तुटला असेल तर पक्कड काही करू शकत नाही. त्या प्रवासापुरती बॅग दोरीने बांधा आणि परत आल्यावर बॅगवाल्याकडून पूर्ण चेन बदलून घ्या. चाक अडत असेल तर आसावर गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीने काढा. पावसाळ्यात काळ्या मातीतून ओढलेली ट्रॉली चिखल वाळायच्या आत धुवा, वाळलेला चिखल खरवडताना चाकाची कड फुटते.